वालधुनीची सहल



सहल हा शब्द आमच्या घरात कधी नव्हता. आमची माणसं गाव सोडून निघाली ती पोटासाठी. बाकी जाणं म्हणजे दसऱ्याला नागपूर, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, सहा डिसेंबरला चैत्यभूमी. नुसतं बघायला म्हणून, पाण्याकाठी बसून वारा खायला म्हणून आमचा बाप आयुष्यात कुठं गेला नाही. पाणी म्हटलं की आजीला विहीर आठवायची. विहिरीच्या कडेला घागर घेऊन उभं राहायचं, वरून कुणीतरी ओतेपर्यंत. कुणी ओतायचं, कुणी तसंच निघून जायचं.

आमच्या गिरणीच्या रंगखात्यातला एकजण बायकोला घेऊन केरळात आलप्पुळ्याला जाऊन आला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोनवर फोटो दाखवले. शहरातून कालवे, कालव्यातून हाऊसबोटी, दोन्ही बाजूंनी माड वाकलेले. पूर्वेचं व्हेनिस म्हणतात, असं तो तीनदा बोलला. रात्री कात्रपच्या नाक्यावर मी हे सांगितलं, तर आमच्यातला कॉलेजवाला सुरूच झाला. त्या बोटी मूळच्या भात वाहायच्या. तिथल्या कुट्टनाडात भाताची शेती समुद्राच्या पातळीखाली आहे, तिचे बांध घातले ते पुलय मजुरांनी, चिखलात कमरेएवढं उभं राहून. जमीन मात्र त्यांची नव्हती. आणि त्याच वेंबनाड सरोवराच्या काठी वायकोम. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालता यावं म्हणून १९२४ साली तिथं सत्याग्रह करावा लागला. महाडच्या तीन वर्षं आधी.

रिक्षावाला म्हणाला, "मग आपलंबी हायेच की व्हेनिस. अंबरनाथ, उल्हासनगर, मधून वालधुनी. पेट्रोल तुमचं, रिक्षा माझी."

शुक्रवारी गिरणी बंद असते. सकाळी सहाला चौघं निघालो. चौथा आमचा चेंबरवाला. एका नगरपालिकेच्या ठेकेदाराकडं तो गटारं नि चेंबर साफ करतो, दहा बोटांवर नखं अशी तीनच. वाटाड्या तोच. वालधुनीला कुठला नाला कुठं मिळतो हे इंजिनियरला नकाशा बघून कळतं, ह्याला वासावरून.

सुरुवात काकोळ्याच्या तलावापासून केली, कारण नदी तिथल्या डोंगरातनं निघते. इंग्रजांच्या जीआयपी रेल्वेनं वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेला तलाव, अजून लोक जीआयपी टँकच म्हणतात. पाणी स्वच्छ. खंड्या बसला होता, बुडी मारायचा नि वर यायचा. आम्ही पाय सोडून बसलो. आता रेल्वे इथलंच पाणी बाटलीत भरते, गाडीत तुम्ही रेल नीर विकत घेता ते. चेंबरवाल्यानं ओंजळ भरून पाणी प्यायलं नि हसला. "फुकट," म्हणाला. त्या पाण्यात आम्हाला कुणी अडवलं नाही, कुणी बघितलं नाही, आणि तरी मला क्षणभर मागं वळून बघावंसं वाटलं. हे मागं वळून बघणं कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते रक्तातनं येतं.

तिथनं खाली अंबरनाथचं शिवालय. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. दगडाचं काम बघून तोंडात बोट घालावं असं, खोटं कशाला बोला. भिंतभर बाया, हत्ती, देव. राजाचं नाव शिलालेखात. दगड ज्यांनी वाहिले, ज्यांचे हात छिन्नीखाली चेंगरले, त्यांची नावं शोधत मी देवळाला पूर्ण फेरी मारली. गाभारा जमिनीच्या खाली, बऱ्याच पायऱ्या उतरून जावं लागतं. वरून वाकून बघत चेंबरवाला म्हणाला, "देवबी चेंबरातच उतरवलाय का यांनी?" कॉलेजवाला एवढ्या जोरात हसला की पहारेकऱ्यानं वळून बघितलं.

देवळाला लागूनच वालधुनी. आणि इथंच कळतं की ती आता नदी राहिलेली नाही. महाशिवरात्रीला लाखो माणसं येतात, देवाला पाणी घालतात. त्यातलं कुणी ह्या पाण्यात बोट बुडवेल?

पुढं नाले मिळतात, कारखान्यांचे नि वस्त्यांचे. मी रंगखात्यातला माणूस, मला पाणी वाचता येतं. नेव्ही ब्लू लागला की काठाला जांभळी किनार धरते, सल्फर ब्लॅकला सडक्या अंड्याचा वास. आमच्या गिरणीचा रंग रात्री सुटतो, तिसऱ्या पाळीत, नि तो उल्हासकडं जातो. हा इकडचा वालधुनीत. कल्याणला दोघी भेटतात. मुकादमाला एकदा विचारलं, रात्रीच का? म्हणाला, रात्री पाणी काळंच दिसतं.

उल्हासनगरात शिरलो तेव्हा ऊन चढलेलं. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना तिथल्या बराकी मिळाल्या, १९४९ साली उल्हासनगर नाव पडलं. सगळं गमावून आलेल्या माणसांनी हातावर शहर उभं केलं, त्याला माझा सलाम आहे. पण निर्वासित फक्त फाळणीनंच होत नाही. १९७२ च्या दुष्काळानं आमची माणसं निर्वासित झाली, गावातल्या मारहाणीनं झाली. त्यांना बराक नव्हती. त्यांना नदीकाठ मिळाला, जिथं दुसरं कुणी राहायला तयार नव्हतं. २६ जुलै २००५ ला पाणी आलं ते आधी ह्यांच्या घरात. नोव्हेंबर २०१४ मध्ये पहाटे कुणीतरी टँकरभर रसायन वालधुनीत ओतलं, झोपेतच माणसं गुदमरली, शेकड्यांनी दवाखान्यात नेली. २०१५ साली हरित लवादानं नदी नासवल्याबद्दल मोठा दंड ठोठावला. जीन्स धुणारे कारखाने बंद केले, तर बरेचसे उठून आजूबाजूच्या गावांत गेले. नदीचा रंग थोडा बदलला. वास तोच.

पुलावर उभं राहून मी विचार करत होतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले. त्यांनी मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. दहा वर्षं कोर्टात भांडून १९३७ ला निकाल आपल्या बाजूनं लागला. आम्ही शिवलो तर पाणी बाटतं म्हणणारे ते लोक. आज ज्या पाण्याला कुणीच शिवत नाही, त्याच्या काठाला आम्ही, त्याच्या पोटात उतरायला आम्ही. विटाळ कुणाच्या हातानं झाला हे ह्या पाण्याला विचारा, ते निळं, लाल, काळं होऊन सांगतंय.

कॉलेजवाल्यानं माझा पुलावर फोटो काढला, आलप्पुळ्यासारखा, हात पसरून. तेवढ्यात चेंबरवाल्याचा फोन वाजला.

सुपरवायझर होता. कुठल्यातरी सोसायटीचं चेंबर तुंबलंय, लगेच ये. हा म्हणाला, साहेब, सुट्टी हाये, गाडी पाठवा. तिकडनं, गाडी नादुरुस्त आहे, दहा मिनटाचं काम आहे. हा म्हणाला, "मरायलाबी तेवढीच लागत्यात साहेब." फोन कट.

२०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. उतरून मेला तर घरच्यांना दहा लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली म्हटलं, २०२३ साली तीस लाख केले. मेल्याचा भाव तिप्पट झाला. जित्याची मजुरी ठेकेदार ठरवतो.

आम्ही वडापाव सांगितला होता. त्यानं खाल्ला नाही. म्हणाला, "मी न्हाई गेलो तर काकांना उतरवतील. त्यांना दमा हाये." काका म्हणजे त्याचा जोडीदार, साठीला आलेला. फोन लावला, काका उचलेनात. रिक्षावाल्यानं काही न बोलता रिक्षा वळवली. कल्याणपर्यंत जायचं ठरलं होतं, अशोकनगरला ओळखीच्या एका भावाकडं चहा होता. ते राहिलं.

पोचलो तेव्हा झाकण उघडलेलं, काका बनियनवर, कमरेला दोर. सुपरवायझर लांब, नाकाला रुमाल. गॅलरीतनं लोक बघत होते. चेंबरवाला ओरडला, "काका, उतरू नका. दोर सोडा आधी." काका म्हणाले, "लेकरा, महिना अर्धा राहिलाय माझा." दोघं एकमेकाकडं बघत उभे. मग रिक्षावाल्यानं रिक्षा आणून चेंबरच्या तोंडाशी आडवी लावली, आणि आम्ही चौघं भोवती बसलो. घोषणा नाही, काही नाही. कॉलेजवाल्यानं फोनवर कायदा काढून सुपरवायझरला वाचून दाखवला, कलमांसकट, दोनदा. सुपरवायझर म्हणाला पोलीस बोलावतो. आम्ही म्हटलं, बोलवा. त्यानं बोलावले नाहीत.

गॅलरीतनं एका बाईनं पाण्याची बाटली खाली सोडली, दोरीनं. काका आधी घेईनात. मग घेतली नि तोंड लावून प्याले.

नादुरुस्त गाडी रात्री साडेआठला आली. पाइप सोडला, चेंबर पंधरा मिनटांत मोकळं झालं.

शनिवारी सकाळी काकांना कामावर घेतलं. चेंबरवाल्याला घेतलं नाही. आता तो रात्री रिक्षा चालवतो, दोस्ताचीच, आणि आम्ही लेबर ऑफिसात अर्ज दिलाय. पोचपावती आमच्याकडं आहे.