उजनीचे पाहुणे आणि पाण्याची पाळी

रब्बीची सुगी आटोपली की एक दिवस सवड काढा आणि मुलाबाळांना घेऊन उजनीच्या काठी जाऊन या. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात की शंभरेक किलोमीटरवर भिगवण लागते. कुंभारगाव, डिकसळ ही काठची गावे तेथून जवळच आहेत. उजाडायच्या आत पोचा. मासेमारी करणारी तिथली मंडळी होडीतून पाण्यावर नेतात. उथळ पाण्यात लांब पायांचे रोहित पक्षी चोच उलटी करून चिखल चाळत असतात. त्यांनाच कोणी अग्निपंख म्हणतात. सगळा थवा एकदम उडाला की पंखांखालचा लाल रंग असा उघडतो की मुले टाळ्याच पिटतात. परतताना भिगवणला माशांचे जेवण मिळते. खाणाऱ्यांनी ते चुकवू नये!

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. धरण तुडुंब असते तेव्हा हे पक्षी फारसे दिसत नाहीत. पाणी उतरून काठचा गाळ उघडा पडू लागला की त्यांची पंगत बसते. म्हणजे तुम्हाआम्हाला पाण्याची काळजी लागते, नेमका तोच पाहुण्यांचा हंगाम. २०२३ चा पावसाळा हलका गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. तेव्हा पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे देऊळ उघडे पडले आणि ते पाहायला माणसे लोटली. त्याच वेळी काठचे शेतकरी मोटारी आणि पाइप खाली खाली सरकवीत होते.

हे ‘उणे’ काय प्रकरण आहे? उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त, बाकीचे अचल. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे, तर उपयुक्त साठा संपला आणि आता तळच्या शिदोरीला हात लागला.

अशा मोठ्या जलाशयांवर होड्या, विश्रामगृहे, बागा करायच्या योजना अधूनमधून निघतात. निघोत बापड्या! गावच्या पोरांना चार पैसे मिळाले तर वाईट काय? ज्यांची गावे या पाण्याखाली गेली, त्यांच्या लेकरांचा तर पहिला हक्क. पण असा आराखडा गावात आला तर खर्चाच्या आकड्याआधी एकच गोष्ट विचारा: पाण्याची पातळी कोणासाठी धरून ठेवणार?

होडी पाणी पीत नाही. पाहुण्यांच्या पिण्या-धुण्याला लागते ते पाणीही धरणाच्या मानाने किरकोळ. खरा खर्च होतो तो धक्क्यापाशी पाणी टिकावे म्हणून धरण भरलेले ठेवायचे ठरले तर. उजनीच्या शून्य आणि शंभर टक्क्यांत उंचीचे अंतर जेमतेम एकोणीस फुटांचे. त्या एकोणीस फुटांत साडेत्रेपन्न टीएमसी. म्हणजे फुटाला सरासरी पावणेतीन टीएमसीहून थोडे जास्तच. एक टीएमसी म्हणजे सुमारे तेवीस हजार एकरांवर फूटभर पाणी. कालव्यात आणि चाऱ्यांत निम्मे मुरले असे धरले, तरी एका फुटात सव्वा लाख एकरांना तीन-तीन इंचांची एक पाळी होते. शिवाय अडवून ठेवलेले पाणी जागेवर राहत नाही. दिवसाला एक सेंटिमीटर उडाले असे धरा, तर पाण्याच्या दर हेक्टरामागे रोज एक लाख लिटर आभाळात गेले.

म्हणून धक्का पक्का सिमेंटचा नको, पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता हवा. आवर्तनाचे वेळापत्रक आधी ठरावे आणि पर्यटनाने त्याच्या मागून चालावे. उजनीला हे सोपे आहे, कारण इथले मुख्य आकर्षण, ते पक्षी, उतरत्या पाण्यावरच येतात. मात्र उघड्या पडलेल्या गाळावर कोणाची गाळपेर असते. तिच्यातून गाड्या घालू देऊ नयेत.

मैल्याचा प्रश्न याहून अवघड. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून इथेच येते. पाणी हिरवट दिसते, जलपर्णी माजते. सोलापूरसारखे शहर या धरणावर तहान भागवते. त्यात काठच्या उपाहारगृहांची भर नको. शौचालय आणि सांडपाण्याची सोय आधी, मगच परवाना, असा हट्ट ग्रामपंचायतीने धरावा.

आणि होडीत बसताना लाज बाळगू नका, जीवरक्षक जाकीट मागून घ्या. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. पाण्याचा पसारा मोठा, त्यामुळे वारा सुटला की लाटा उसळतात. मे महिन्यात तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून येते, म्हणून सहल सकाळीच उरका. नावाड्याने ‘आज नको’ म्हटले तर त्याच्याशी वाद घालू नका.