आमचा आवडता शब्द

प्रत्येकाचा एखादा आवडता शब्द असतो. कुणाला 'आई' हा शब्द गोड वाटतो, तर महिनाअखेरीस कुणाला 'पगार' हा त्याहून गोड वाटतो! आम्हाला मात्र 'सही' हा शब्द फार आवडतो. आम्ही कारकून माणूस. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द कानावर पडतो, तरी त्याचा कंटाळा येत नाही.

हा शब्द मूळचा अरबी. 'सहीह' म्हणजे बरोबर, खरे. अर्ज, तारीख, शिक्का, जमा, खर्च अशा सोबत्यांबरोबर तो मराठीत आला आणि कचेरीत कायमचा बसला. म्हणजे कागदाखाली आपण सही करतो तेव्हा 'हे खरे आहे' असेच लिहून देत असतो. जुन्या कागदांत 'दस्तुरखुद्द' असे लिहीत, म्हणजे स्वतःच्या हाताने. आता तो शब्द 'दस्तुरखुद्द साहेब आले' एवढ्यापुरता उरला. 'सही' मात्र अजून ताजा आहे. मुंबईची पोरे तर चांगल्या गोष्टीलाच 'एकदम सही!' म्हणतात.

पण आमच्या आवडीचे खरे कारण निराळे आहे. घरातल्या जुन्या कागदांवर आमच्या आईच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' असे दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेले आहे. कायद्याने अंगठा कमी प्रतीचा नाही. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची निशाणीही 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने सहीतच धरली आहे. कायदा असे म्हणतो, पण लोक 'अंगठाबहाद्दर' म्हणून हसतात. तो शब्द आम्हाला कायम बोचत आला आहे.

1988 साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. पुढे आमच्या वस्तीतही रात्रीचा वर्ग भरू लागला. दिवसभर घमेली वाहून आई तिथे पाटी घेऊन बसे. तिचे नाव तीन अक्षरांचे. ते जमले तेव्हा तिने शेजारणींना 'मला लिहिता येते' असे सांगितले नाही. 'मला सही येते' असे सांगितले! तेव्हापासून हा शब्द ऐकला की आमचे मन भरून येते.

गंमत अशी, की आता अंगठा पुन्हा आला आहे. रेशन दुकानातल्या यंत्रावर पदवीधरालाही तो टेकवावा लागतो. परंतु सिमेंट-विटांनी झिजलेल्या बोटांचा ठसा त्या यंत्राला पुष्कळदा ओळखताच येत नाही. जन्मभर राबलेल्या हातांनाच पुन्हा पुन्हा बोट पुसून उभे राहावे लागते. बोटे झिजतात, पण शिकलेली सही झिजत नाही.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारे कुणी अजून अंगठा उठवत असतील, तर नातवंडांनी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांना त्यांचे नाव लिहायला शिकवावे. शिवाय कोऱ्या कागदावर सही करायची नसते, हेही समजावून सांगावे. ज्या शब्दाचा अर्थच 'खरे' असा आहे, तो न वाचलेल्या कागदाखाली शोभत नाही.