मूळमूर्ती आणि उत्सवमूर्ती

वकिली पेशात काही वर्षे काढलेल्या माणसाला साक्षीदारांचा एक स्वभाव चांगलाच परिचयाचा होतो. ज्याला सगळेच स्वच्छ आठवते, त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. जो थोडे सांगतो, मधली अंधुक जागा अंधुकच ठेवतो, त्याचे बोलणे मनात रुजते. आजचा डिजिटल कॅमेरा हा पहिल्या जातीचा साक्षीदार आहे. तो सारे पाहतो, सारे सांगतो, आणि तरीही पाहणाऱ्याच्या मनात शंका उरते की, आपण पाहिले ते हेच काय?

ही शंका माझ्या मनात आली ती भाच्यामुळे. पेडणे तालुक्यातील एका गावी देवळासमोर धयकालो होता. कित्येक वर्षे संकासुराचे सोंग आणणारा एक वृद्ध नट त्या रात्री अखेरचा उभा राहणार होता. भाच्याने आडदशावतारापासून पहाटेच्या दहीहंडीपर्यंत सारी रात्र टिपली. घरी येऊन पाहतो तो काय, चित्र काचेसारखे स्वच्छ, पण नाटक कुठे दिसेना! एखाद्या समारंभाची बातमी पाहावी तसे सारे कोरडे. “मामा, हे सिनेमासारखे दिसायला हवे,” तो म्हणाला. पुढील काही संध्याकाळी आम्ही दोघे डिचोलीच्या माझ्या घरी त्याच खटाटोपात होतो.

मग खऱ्या फिल्मवरच का टिपले नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे गणित देते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. सहा तासांच्या दशावताराला ३२,४०० फूट, म्हणजे जवळजवळ १० किलोमीटर लांबीची फिल्म लागली असती. १९५० साली ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट निघाला. परंतु गावोगावच्या काल्यांसाठी एवढी फिल्म कोणी आणावी? डिजिटल कॅमेऱ्याने हे दारिद्र्य संपवले, हा त्याचा उपकार मान्य केलाच पाहिजे. तो केवळ गरिबाचा कॅमेराही राहिलेला नाही. मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’ला २००९ साली छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्याचा बराच मोठा भाग डिजिटल कॅमेऱ्यानेच टिपलेला होता.

सिनेमाची मोहिनी कशात आहे, हे शोधू लागलो तेव्हा प्रथम हाती लागला तो २४ हा आकडा. मूकपटांचा वेग कमीजास्त होत असे. बोलपट आल्यावर आवाज एकसारखा राहावा म्हणून सेकंदाला २४ चित्रे हा वेग कायम झाला. कॅमेऱ्याचे झडप चित्रामागे अर्धाच वेळ उघडे राहते, म्हणजे सेकंदाचा ४८वा भाग. तेवढ्यात नटाचा हात हलला, तर त्याची किंचित पुसट रेघ उमटते. ही पुसट रेघ म्हणजेच सिनेमाची लय. व्हिडिओत सेकंदाला ५० चित्रे आली की हालचाल अतिगुळगुळीत होते, आणि संकासुर राक्षस न राहता शेजारचा माणूस वाटू लागतो.

दैव असे की, भाच्याने सेकंदाला ५० चित्रे घेतली असली, तरी रात्रीच्या मंद उजेडामुळे कॅमेऱ्याने प्रत्येक चित्राला सेकंदाचा पुरा ५०वा भाग दिला होता. आम्ही एकाआड एक चित्र गाळले. उरली २५, आणि प्रत्येकाची पुसट रेघ जवळजवळ फिल्मच्याच मापाची! आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्याने ह्या मापात दिव्यांची लुकलुकही शिरत नाही. संकासुर पुन्हा राक्षसासारखा चालू लागला.

उजेडाचे प्रकरण मात्र अवघड निघाले. फिल्मवर प्रखर तेज हळूहळू विरत जाते. डिजिटल चित्रात ते एका मर्यादेपलीकडे एकदम पांढरे फटफटीत होते, आणि एकदा गेलेला तपशील कोणत्याही युक्तीने परत येत नाही. समईची ज्योत अशी कित्येक ठिकाणी पांढरा ठिपका होऊन बसली होती. त्यावर उपाय चित्रण करतानाच करायचा असतो: उजेडाचे माप ज्योतीवरून घ्यावे, अंधाराला अंधार राहू द्यावे, आणि रंगाचे स्वयंचलित माप बंद ठेवावे, नाहीतर तेलाच्या दिव्याचा पिवळेपणा कॅमेरा परस्पर धुऊन टाकतो. आम्ही यंत्राने आणलेली कृत्रिम धार कमी केली, फिल्मच्या कणांसारखे बारीक कण वरून पसरले. चित्र मऊ झाले.

इथवर आल्यावर भाच्याला उत्साह चढला. परदेशी चित्रपटांत असते तशी सावलीला निळसर हिरवी आणि चेहऱ्यांना नारिंगी छटा त्याने दिली. दिसायला देखणे दिसत होते. ते घेऊन आम्ही त्या वृद्ध नटाकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “आमची रात अशी नासता.”

त्या तीन-चार शब्दांत सारी टीका आली. त्यांच्या रात्री गॅसबत्तीच्या, पुढे विजेच्या पिवळ्या दिव्यांच्या; निळा अंधार त्यांनी देवळासमोर कधी पाहिलाच नव्हता. आम्ही ती छटा पुसली आणि पिवळा उजेड परत आणला. फिल्मसारखे दिसणे म्हणजे दुसऱ्याच्या चित्रपटासारखे दिसणे नव्हे, हा धडा मला कोणत्याही पुस्तकापेक्षा तिथे नीट समजला.

आता वकिलाचे एक म्हणणे. शोभिवंत प्रत तयार झाली म्हणून मूळ चित्रण पुसून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा. आपल्या गोमंतकात पालखीचा मान कोणाचा, तरंग प्रथम कोणी धरावे, ह्यावरून वाद उभे राहतात हे महाजनांस सांगायला नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. एक चित्र गाळा, एक छटा बदला, की ते मूल्य बदलते. पन्नासांतील पंचवीस चित्रे गाळलेली आमची सुंदर प्रत न्यायालयात मूळ पुरावा म्हणून उभी राहू शकणार नाही, आणि तसे व्हावे हेच योग्य.

पण म्हणून ती खोटी ठरते काय? आपल्या देवळांनी ह्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. गर्भकुडीतील मूळमूर्ती जागची हलत नाही. उत्सवाला पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. तिला दागिने, फुले, अबदागीर सारे शोभते, आणि तिला हात जोडताना आपण फसवले गेलो असे कोणाही भक्ताला वाटत नाही. मात्र एकीच्या जागी दुसरी बसवायची नसते.

भाच्याने मूळ चित्रण दोन ठिकाणी जपून ठेवले आहे, हॅश मूल्य लिहून. दुसरी प्रत त्या नटाच्या नातवंडांकडे गेली. तिच्यात संकासुर पिवळ्या उजेडात येतो, हात उगारतो, आणि त्या हातामागे एक पुसट रेघ क्षणभर रेंगाळते.