तीस सीसी

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने घर केलं आणि मी शस्त्रक्रिया थांबवल्या. चिरा, खिसा, टाके हे सगळं आता माझी जुनी विद्यार्थिनी करते. माझ्याकडे उरलंय ते माप घेणं. स्तनाचं इम्प्लांट किती रुंद, किती उठावाचं, किती सीसीचं, ते कागदावर लिहून सही करायची.

पूर्वी हा निर्णय मी टेबलावरच घेत असे. पेशंट भुलीखाली, इम्प्लांटसाठीचा खिसा तयार. त्यात निर्जंतुक सायझर, म्हणजे मापापुरतं तात्पुरतं इम्प्लांट, ठेवायचा, टेबलाची पाठ उभी करायची, पायथ्याशी जाऊन दोन्ही बाजू न्याहाळायच्या, आणि मनाला पटेपर्यंत सायझर बदलायचे. डॅलसचे जॉन टेबेट्स आणि विल्यम अॅडम्स यांनी २००५ साली लेख लिहिला, की पाच मापं घ्या आणि पाच निर्णय शस्त्रक्रियेच्या आधीच संपवा. तो वाचून मला राग आला होता. कोष्टकं कारकुनांसाठी, माझा डोळा आहे ना, अशी माझी धारणा. डोळ्याचा तो गर्व अजून गेलेला नाही. टेप लावण्याआधी मी आजही मनातला आकडा केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिते आणि मापाशी जुळला की दिवसभर खूश असते.

येणाऱ्या बाईच्या डोक्यातही आकडा असतोच. ‘मैत्रिणीचे साडेतीनशे आहेत, मलाही तेवढेच चालतील ना मॅडम?’ मैत्रिणीची छाती केवढी, तिला मुलं झाली आहेत का, याचा त्या आकड्याशी संबंध असतो हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तेच साडेतीनशे सीसी बरगड्यांच्या रुंद पिंजऱ्यावर पसरून शांत दिसतात आणि अरुंद पिंजऱ्यावर दोन गोळे होऊन बसतात. कपची अक्षरंही भरवशाची नाहीत; एका कंपनीचा सी दुसऱ्या कंपनीचा डी असतो. काही जणी घरून तांदूळ मोजून, पिशव्यांत भरून ब्रामध्ये घालून येतात. मला त्याचं हसू येत नाही. आपल्याला काय हवं ते त्यांनी मनाशी तपासलेलं असतं. फक्त पिशवी कातडीच्या बाहेर असते आणि इम्प्लांट आत जातं. बाहेर कितीही मावतं.

म्हणून सुरुवात रुंदीपासून. बाई उभी, हात सैल सोडलेले. कॅलिपर स्टीलचा असतो, एसीत गार पडतो. आधी मुठीत धरून तो कोमट करायचा, नाहीतर अंग आक्रसतं आणि माप चुकतं. स्तनाची आतली कड ते बाहेरची कड. आपल्याकडच्या सडपातळ मुलींत ते पुष्कळदा अकरा सेंटीमीटरच्या आसपास भरतं. त्याहून रुंद इम्प्लांट घातलं तर ते एक तर काखेकडे सरकतं किंवा मधल्या हाडाकडे, आणि कडा हाताला लागतात. मग स्तनाच्या वरच्या भागाची चिमूट. ती दोन सेंटीमीटरहून पातळ असेल तर इम्प्लांट स्नायूखाली, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

घोळ होतो तो यानंतर. स्तनाग्राभोवतालच्या गडद कातडीची कड बोटांत धरून पुढे ओढायची, किती पुढे येते ते मोजायचं. टेबेट्सच्या कोष्टकात अकरा रुंदीला अडीचशे सीसी. कातडी दोन सेंटीमीटरपेक्षा कमी आली तर त्यातून तीस वजा, तीनच्या वर गेली तर तीस मिळवा, चारच्या वर साठ. दोन मुलांना अंगावर पाजलेल्या बाईची कातडी सहज चारच्या वर जाते. तिचा स्तन रिकामा झालेला असतो, जागा आधीच केलेली असते. बाविशीच्या मुलीची दोनसुद्धा येत नाही. रुंदी दोघींची अकराच, पण इम्प्लांटमध्ये नव्वद सीसींचं अंतर.

पण ओढायचं किती? सगळं माप जिच्या बोटांत कातडी आहे तिच्या जोरावर. विद्यार्थिनी माझ्यानंतर तेच माप घेते तेव्हा तिचं बहुतेक वेळा अर्धा सेंटीमीटर जास्त येतं. सुरुवातीला मी तिला रागावले, ‘तू खेचतेस.’ ती शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, तुमचा अंगठा दुखतो. तुम्ही लवकर सोडता.’ खरं होतं. माझ्या चिमटीत पूर्वीचा जोर नाही. तिच्या अंगठ्याचा मला हेवा वाटला, आणि त्या दिवसापासून या मापाने माझी पाठ सोडलेली नाही. माझ्या हाताला कातडी दोनच्या अलीकडे थांबते, तिच्या हाताला तीच पलीकडे जाते. मी तीस वजा करते, ती करत नाही.

तीस सीसी म्हणजे जेवणाचे दोन मोठे चमचे. इतक्याने बाहेरून काय कळणार, असं कोणीही म्हणेल, आणि पहिल्या वर्षी खरंच कळत नाही. पण प्रत्येक अंगाची एक हद्द असते आणि ती ओलांडली जाते ती अशाच तिसा-तिसांनी. पेशंटला थोडं जास्त हवं, सर्जनने थोडं वर धरलं, नवऱ्याने फोटो दाखवला. मग वरचा मांसल थर इम्प्लांटच्या दाबाने पातळ होत जातो, खाली वाकलं की सुरकुत्या दिसतात, स्तनाखालची घडी सरकते. मोठं काढून लहान घालता येतं. ताणून विरलेली कातडी परत आणता येत नाही.

दुसरीकडे झालेली अशी मोठी इम्प्लांटं काढण्याची कामं माझ्याकडे बरीच आली. तेव्हा मला एक समाधान वाटायचं, ते पेशंटच्या वाट्याचं नव्हतं. आपण बरोबर होतो, एवढंच त्यात होतं. आज शहरातल्या होर्डिंगवर आणि रील्सवर आकडे मोठे होताना दिसतात तेव्हा तोच ताठा पुन्हा जागा होतो. शस्त्रक्रियेनंतरचं रूप आधीच पडद्यावर दाखवणाऱ्या थ्रीडी कॅमेऱ्याबद्दल माझं मत आणखी वाईट आहे. पडद्यावरची कातडी हवी तेवढी ताणते. नवी मुलं पेशंटला हात लावण्याआधी पडदा दाखवतात, आणि एकदा चित्र दिसलं की बाईला त्यातलं काही कमी करून सांगणं अशक्य होतं. आरसा बरा. आरशासमोर तिला उभं करून मी आधीच दाखवते की डावी बाजू किंचित खाली आहे, उजव्या बाजूच्या बरगड्या पुढे आहेत. जवळपास प्रत्येकीत असा फरक असतो, आणि आधी दाखवला नाही तर तो तिला शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा दिसतो.

धंद्याचा इतिहासही मोजमापाला धार्जिणा नाही. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि जेरो यांनी पहिलं सिलिकॉन जेलचं इम्प्लांट घातलं, तेव्हापासून आकार आणि पृष्ठभाग बदलत राहिले. थेंबाच्या आकाराची इम्प्लांटं मला फार आवडत. ती जागेवर फिरू नयेत म्हणून त्यांचा पृष्ठभाग खरखरीत लागत असे. २०१९ मध्ये दुर्मीळ लिम्फोमाशी असलेल्या संबंधामुळे बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांटं जगभरातून परत मागवली गेली, आणि बहुतेक जणांप्रमाणे मीही गुळगुळीत, गोल इम्प्लांटकडे वळले. गोलात उंची आणि रुंदी वेगवेगळी निवडता येत नाही. रुंदी आणि पुढचा उठाव एवढंच हातात. म्हणून तर ते तीस सीसी जास्तच बोचतात.

हे सगळं एखादीला सांगताना तिची इच्छा छोटी करायची नाही, याबाबत मी कडक आहे. सासूला कळू नये म्हणून माहेरी बाळंतपणासारखी विश्रांती घेणारी बाई मी पाहिली आहे. तिला हवं ते हवं म्हणायला तिने फार किंमत मोजलेली असते. ‘कुणाच्या लक्षातही आलं नाही मॅडम,’ असं ती पुढे म्हणाली, ती मला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी. मात्र परिषदेत फोटो दाखवताना दुसऱ्या सर्जनांच्या ते बरोबर लक्षात यावं, अशी माझी धडपड असे.

आता केसपेपरवर आम्ही दोघींची मापं लिहितो. विद्यार्थिनीचं म्हणणं, सरासरी काढू. मला ते मान्य नाही. दोन मापांत फरक आला तर कमी असलेलं धरायचं, कारण अंग स्वतःहून देतं ते हलक्या हाताला कळतं. जोराच्या हाताला कळतं ते त्याच्याकडून काढून घेता येईल तेवढं. ती म्हणते, हे माझ्या दुखऱ्या अंगठ्याचं तत्त्वज्ञान आहे. असेल. पण सही माझी आहे तोवर आकडा कमीच लिहिला जाईल, आणि पेशंटने का म्हणून विचारलं तर तिच्या कातडीला माझाच हात लावून मी तिला दाखवीन.