कुंपणाबाहेरचं स्वावलंबन

वर्धा,
तान्हा पोळा

चि. सोनू,


तुझं पत्र पोचलं. वीज, बँका, औषधं, पाणी सगळं एखाद्या दिवशी एकदम ठप्प होईल या धास्तीने तुझी झोप उडाली आहे, हे वाचून जीव कळवळला. मुळशीकडे दहा गुंठे घ्यायचे, तारेचं कुंपण घालायचं, वर्षाचं धान्य भरायचं आणि पेरणीपासून जखम बांधण्यापर्यंत सगळं स्वतः शिकून घ्यायचं, असा तुझा बेत. शिकतोस ते उत्तमच. माझी हरकत आहे ती कुंपणाला.

तुला वाटतं हे नवीन आहे. अरे, आमचा वर्धा जिल्हा या विद्येची शाळाच होता. 1934 साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, तो इथल्या मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या अशा एकेका धंद्याचा तिथे बारकाईने अभ्यास व्हायचा. 1936 मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, तेच आजचं सेवाग्राम. तिथल्या कुट्या जवळपास मिळेल त्या माती, बांबू आणि लाकडाच्या. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिकवायची नई तालीम पुढे आली. मोठं संकट येणार म्हणून ही माणसं हे करत नव्हती. रोजचं जगणं दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये, एवढ्यासाठी त्यांचा आटापिटा होता.

पण तुझ्या बेताच्या सगळ्यात जवळचा प्रयोग झाला तो पवनारला, धाम नदीच्या काठी. 1950 च्या सुमाराला विनोबांनी आश्रमात कांचनमुक्ती सुरू केली. पैशाचं दान घ्यायचं नाही, श्रमाचं घ्यायचं. बैलांशिवाय, कुदळ-फावड्याने शेती करायची. विहिरीवरचा रहाट माणसांनीच ओढायचा. आधी भाजी तरी विकत आणायची नाही, मग हळूहळू बाकीचं, असा क्रम. तुला हवं तेच सगळं, आणि तेही बारा महिने, भर उन्हाळ्यातसुद्धा.

आता पुढचं बघ. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पवनारहून पायी निघाले. तिथून ते तेलंगणात फिरले. 18 एप्रिलला पोचमपल्लीच्या भूमिहीन लोकांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात ती. आपल्यापुरतं पिकवायला शिकलेला माणूस अखेर ज्यांच्यापाशी पिकवायला जमीनच नाही त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. मला हा योगायोग वाटत नाही. शेजारी उपाशी असताना एका आश्रमाचं स्वावलंबन किती दिवस टिकणार?

आणि कोसळणं म्हणशील, तर आमच्याकडे ते एका रात्रीत आलं नाही. एकेक वस्तू विकतची होत गेली. पूर्वी पऱ्हाटीची सरकी घरचीच असायची. शेणामातीत घोळून, चोळून, वाळवून ठेवायची, म्हणजे पेरताना बिया एकमेकींना चिकटत नाहीत. ज्वारीची टपोरी कणसं निवडून चुलीवरच्या आढ्याला टांगत. धुरामुळे किडा लागत नसे. तूर राखेत घालून ठेवत. बाई दाणा दाताखाली धरायची. कट्ट वाजला की बी वाळलं समजायचं. आधी संकरित बियाणं आलं, 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि दरसाल पाकीट विकत घेणं हीच रीत झाली. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. ज्या घरी पिकतं तिथेच पीठ, तेल, डाळ दुकानातून यायला लागली. पाऊस हुकला किंवा भाव पडला की मग घरात आधाराला काहीच उरत नाही. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे कारणं पुष्कळ आहेत. पण बियाण्यापासून ताटापर्यंत सगळं उधारीवर गेलं, हे त्यातलं एक मोठं कारण आहे, असं मी या मातीत राहून म्हणते.

म्हणून तू शीक, आणि आजपासून शीक. संकटाची वाट बघत शिकलेलं हातात राहत नाही. सलाई-पटरीवर सरकी वेगळी करणं, पिंजणं, पेळू वळणं, टकळीवर सूत काढणं, ही कामं पुस्तकात चार ओळींची आहेत. टकळीची फिरकी आणि पेळूचं ओढणं एका लयीत आलं नाही की सूत तुटतं. ती लय रोज बसल्याशिवाय येत नाही. बियाणं राखणं, धान्य टिकवणं, विहिरीची निगा, आजाऱ्याची शुश्रूषा, सगळ्याचं असंच.

मात्र शिकताना मनाशी एक कसोटी ठेव. हे आल्यावर शेजारी माझ्याकडे येईल का? वर्षाचं धान्य कोंडून ठेवणाऱ्याच्या दारात लोक एक दिवस येतील ते हिसकावायला. बियाणं वाटणाऱ्याच्या, पंप दुरुस्त करणाऱ्याच्या दारात येतील ते त्याला सांभाळायला. 2020 च्या टाळेबंदीत तू पाहिलंसच, डबे भरलेल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही औषध आणून द्यायला कोणीतरी शेजारचं पोर लागत होतं. कुंपणाच्या आत दहा गुंठ्यांत सुतार, सुईण, वैद्य आणि शेतकरी एकट्याच्या अंगी आणता येत नाहीत. त्यासाठी गावच लागतं, नाहीतर तुझ्या सोसायटीतले चाळीस बिऱ्हाडांचे लोक लागतात.

तेव्हा जागेचा विसार देऊ नकोस. आधी दिवाळीला इकडे ये. मगन संग्रहालय बघ, सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये मुलं भाजीवाडीत काम करता करता कशी शिकतात ते बघ. ज्यांच्याकडे अजून घरचं बियाणं आहे, अशा दोन-तीन बायांकडे मी तुला घेऊन जाईन. त्या देतील ते बी परत जाऊन गच्चीवर लाव, आणि पहिल्या पिकातलं निम्मं बी सोसायटीत वाट. घेणाऱ्यांपैकी पाच जणांनी जरी पुढच्या वर्षी आपलं बी राखलं, तरी तुझी तयारी तुझ्या कुंपणापेक्षा भक्कम झाली असेल.

ताईला नमस्कार सांग. जप.

तुझी,
मावशी