मामंजींची सायकल

लग्न होऊन खुटबावला आले, तेव्हापासून मामंजींची काळी ॲटलास ओसरीला टेकलेली पाहत होते. ते गेले आणि सायकल गोठ्यात जाऊन पडली. परवा भंगारवाला दारात आला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, म्हणून मीच ह्यांना म्हटलं, "राहू द्या हो!"

मग काय, पदर खोचून बसले. चेन डिझेलमध्ये भिजत घातली. रिमवरचा गंज पोळ्या गुंडाळायच्या फॉईलचा बोळा पाण्यात बुडवून घासला. (मैत्रिणींनो, करून पाहा, पण लगेच कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज पुन्हा चढलाच म्हणून समजा.) ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तरी टायर, ब्रेकचे रबर आणि चाकातले छर्रे केडगावात मिळाले.

रंगाचा डबा उघडला, तशा सासूबाई जवळ आल्या. "दांडीला नको लावूस गं."

दांडीवर टॉवेल गुंडाळून मामंजी ह्यांना शाळेत न्यायचे. टॉवेल घासून घासून तिथला रंग गेलेला. गंजही सगळ्यात जास्त तिथेच.

तेवढी वीतभर जागा तशीच ठेवलीय. तिला दर शनिवारी तेल लावायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.