आमच्या वॉर्डाची वही

यंदां वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्यावें असें संपादक-मंडळांतील विद्यार्थ्यांनीं सांगितलें, तेव्हां एखादें प्रवासवर्णन लिहावें असें मनांत होतें. परंतु सहावीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलानें विचारलेला प्रश्न कांहीं केल्या डोक्यांतून जाईना. प्रश्न अगदीं साधा होता. "सर, नगरसेवक निवडून आल्यावर काय करतो?" मीं पुस्तकांतील उत्तर दिलें. तो सभेस जातो, अंदाजपत्रकास मत देतो, पाणी, दिवाबत्ती, आरोग्य यांवर देखरेख ठेवतो. मुलगा खालीं बसला. पण त्याचें समाधान झालें नव्हतें हें मला दिसलें, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नव्हतें. माझ्या माहितीचे एक नगरसेवक यांखेरीज आणखी एक काम करीत, आणि तें आमच्या पुस्तकांत नाहीं. ते येऊन सांगत.

माझी अर्धी नोकरी जळगांवीं झाली व अर्धी धुळ्यास. ज्या गल्लीची ही हकीकत आहे ती या दोहोंपैकीं कोणत्या शहरांतील, हें मी मुद्दाम सांगत नाहीं. सांगितल्यास उगीच कोणास तरी बोल लावल्यासारखें होईल, आणि या लेखांत बोल ज्यास लावावयाचा तो गृहस्थ पुढें येणारच आहे. पाण्याच्या बाबतींत हीं दोन्ही शहरें सख्खीं भावंडें आहेत. जळगांवची भिस्त वाघूर धरणावर; धुळ्याची नकाणें व डेडरगांव येथील तलाव, तापी योजना आणि अक्कलपाडा यांवर. धरणांत पाणी आहे, घरांत नळ आहे, परंतु त्या दोहोंमधील वाट लांब आहे. आमच्या गल्लीस पाण्याची पाळी कित्येक दिवसांनीं येई, आणि ती आली कीं घरांतील यच्चयावत् भांडें भरून ठेवावें लागे. उन्हाळ्यांत पाहुणा आला तर आधीं आनंद व्हावा कीं आधीं पाण्याचा हिशेब करावा, असा प्रश्न पडे!

२०१८ सालीं दोन्ही महापालिकांच्या निवडणुका झाल्या. त्या वेळीं एका प्रभागांतून बहुधा चार सदस्य निवडून जात. आमच्या चौघांपैकीं तिघांचें दर्शन आम्हांस पुढें लग्नमंडपांत होत असे. चौथे आप्पा. त्यांचें खरें नांव येथें देत नाहीं; गल्लींत लहानथोर सर्वजण त्यांस आप्पाच म्हणत. त्यांचें किराणा मालाचें दुकान होतें, शिक्षण बेताचें, आणि बोलणें त्याहून बेताचें. वही ठेवण्याची संवय त्यांस दुकानामुळेंच लागली असावी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं दिवेलागणीच्या सुमारास ते लाल कापडी बांधणीची एक चोपडी बगलेंत मारून गल्लीच्या टोकाच्या निंबाखालीं येऊन बसत. पहिल्या रविवारीं आम्ही सात माणसें होतों. त्यांतील दोघे केवळ निंबाची सांवली आपली म्हणून बसले होते.

आप्पा भाषण करीत नसत. मागच्या महिन्यांत काय लिहिलें होतें तें आधीं वाचीत. "निंबाजवळची गटार. मंजुरी मिळाली. काम सुरू झालें नाहीं. कारण, ठेकेदाराचें मागील बिल थकलें आहे. दिवे. पांच मागितले, दोन मिळाले. एक लागला, एक गोदामांत आहे. शाळेपुढचा रस्ता. स्थायी समितीपुढें आहे." येथें कोणी तरी हंसे, आणि विचारी कीं ही स्थायी समिती म्हणजे आहे तरी काय. मग आप्पा सांगत कीं सर्व सदस्य बसतात ती महासभा, आणि खर्चाचे व ठेक्यांचे विषय ज्यांच्या हातून जातात ती सोळा सदस्यांची समिती. आपण त्या सोळांत नाहीं, म्हणून आपल्यास दार ठोठवावें लागतें. इतकें उघड बोलणारा लोकप्रतिनिधि मीं तरी पूर्वीं पाहिला नव्हता. "झालें नाहीं" हे दोन शब्द ते ज्या शांतपणें उच्चारीत, त्या शांतपणें मला नापास मुलाच्या बापास निकालही सांगतां येत नाहीं.

पैशाची गोष्टही ते अशीच सांगत. पूर्वीं नाक्यावरील जकातीवर शहरांचा कारभार चाले. ती गेली, तिच्या जागीं आलेला स्थानिक संस्था करही गेला, १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर देशभर लागू झाला. पालिकेच्या स्वतःच्या हातीं मुख्यत्वें घरपट्टी व पाणीपट्टी उरली, आणि बाकीच्यासाठीं शासनाच्या अनुदानाकडे पाहणें आलें. हें सांगून झाल्यावर ते आपल्या गल्लीची घरपट्टी किती थकली आहे तो आंकडा वाचीत. नांवें वाचीत नसत. (थकबाकीवरील शास्ती माफ करण्याची योजना मधून मधून निघते, तेव्हां वेळेवर पट्टी भरणारा मनुष्य शहाणा ठरतो कीं खुळा, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. असो.)

एकदां मीं त्यांस महात्मा फुले यांची गोष्ट सांगितली. जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सदस्य होते. निवडून आलेले नव्हेत, सरकारनें नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतार्थ शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला, तेव्हां विरोध करणारे जोतीराव एकटेच होते. लोकांच्या पैशांतून शोभेचे दिवे कां लावावे, अशी त्यांची हरकत. सदस्य सरकारनें नेमावयाचे ही पद्धत पुढें लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर हळूहळू मागें पडली, वगैरे वगैरे मी सांगत राहिलों. शिक्षकाची जीभ एकदां सुटली कीं आवरणें कठीण. आप्पांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाले, "सर, एक बरें झालें. हजार हा आंकडा कोणी तरी सभेबाहेर बोललें, म्हणून आज तुम्हांला ठाऊक आहे."

आतां माझ्या स्वतःच्या हकीकतीकडे येतों. ती सांगण्यास मला संकोच वाटतो. परंतु तिच्यावांचून हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या गल्लीच्या अगदीं शेवटच्या घरीं एक वृद्ध बाई एकट्या राहत. २०१९ च्या उन्हाळ्यांतील एका रविवारीं त्या निंबाखालीं आल्या आणि उभ्यानेंच म्हणाल्या, "आप्पा, आमना नळले पानीच येत नही." आप्पांनीं तें लिहून घेतलें. पुढच्या महिन्यांत वही उघडली, आणि आपल्या नेहमींच्या स्वरांत वाचलें, "शेवटच्या घरचा नळ. नळवाल्यास घेऊन पाहिला. वाहिनी ठीक आहे. कारण, गल्लींत नऊ घरीं नळास विजेची मोटार लावलेली आहे. ती पाणी ओढून घेते. नांवें माझ्यापाशीं आहेत. वाचणार नाहीं. पुढील महिन्यांत फक्त आंकडा सांगेन."

त्या नऊ मोटारींपैकीं एक माझी होती.

मी दर वर्षीं मुलांस शिकवीत आलों होतों कीं सार्वजनिक मालमत्ता ही सर्वांची असते. आमच्या नळाची मोटार मात्र न्हाणीघराच्या दाराआड पोत्याखालीं झांकलेली असे. घरीं याबद्दल बोलणें झालें नव्हतें असें नाहीं. सर्वच लावतात, आपण न लावल्यास आपलेंच पिंप रिकामें राहील, मुलांच्या परीक्षा आहेत, हीं सर्व कारणें मीं स्वतःशीं घोळवलीं होतीं, आणि तीं खोटींही नव्हतीं. पण त्या सायंकाळीं त्या बाई माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या, आणि मी निंबाकडे पाहत होतों. पुढील महिन्यांत आप्पांनीं वाचलें, "मोटारी, नऊ." त्या पुढील महिन्यांत, "मोटारी, सात." तेव्हां मला लाज वाटली ती मोटारीची कमी आणि माझ्याआधीं दोघांनीं ती काढली याची अधिक. मनुष्याचें मन असें विचित्र असतें. त्याच आठवड्यांत एका रात्रीं मीं मोटार सोडविली आणि माळ्यावर टाकली. पहिल्या पाळीस आमचें पिंप अर्धेंच भरलें. पत्नी कांहीं बोलली नाहीं. मात्र धुणें दोन दिवस पुढें ढकललें गेलें.

दिवाळीपर्यंत आंकडा तिनावर आला, आणि तेथेंच अडला. शेवटच्या घरीं पाणी येऊं लागलें, पण धार करंगळीएवढी.

आमच्या खानदेशाच्या मातींत ही गोष्ट नवी नाहीं, हें मला पुढें साक्री तालुक्यांतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं समजावून दिलें. पांझरेच्या कांठीं फड पद्धति कित्येक पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालील सारी जमीन साधारणतः तीन-चार फडांत वांटलेली. एका फडांत एका वर्षीं सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. पाणी देणारा पाटकरी निराळा. शेतकऱ्यानें स्वतः उठून पाट आपल्या शेतांत वळवावयाचा नाहीं. आणि शहाणपणाची गोष्ट अशी कीं प्रत्येकाची थोडी थोडी जमीन बहुधा प्रत्येक फडांत असे. पाऊस कमी झाला म्हणजे एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळें टंचाईचा वांटा सर्वांच्याच पदरीं पडे. पाटाच्या तोंडाशीं जमीन असलेला सुखी आणि शेवटीं असलेला दुःखी, असें फारसें होत नसे. हें ऐकतांना मला आमची गल्ली दिसत होती. आमचें घर तोंडापासून तिसरें.

कायद्यानें अशा सांगण्याची तजवीज केलेली नाहीं असें नाहीं. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली; तिनें बाराव्या परिशिष्टांत अठरा विषय नागरी संस्थांसाठीं लिहून ठेवले. २००९ सालीं महाराष्ट्रानें आपल्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे सदस्यानें आपल्या भागांतील मतदारांस एकत्र बोलवावें आणि त्यांचें ऐकावें. आप्पांस मीं हें दाखविलें, तेव्हां त्यांनीं तें कलम दोनदां वाचलें आणि म्हणाले, "म्हणजे मी कायद्यानेंच बसत होतों तर!" त्यांस हें ठाऊकच नव्हतें.

२०२३ सालीं दोन्ही महापालिकांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, आणि दोन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. त्या काळांत कामें झालीं नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. निंबाजवळची आमची गटार त्याच काळांत बांधली गेली, आणि चांगली बांधली गेली. पण ती कां बांधली, किती खर्चांत, आणि दिव्यांचें काय झालें, हें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं, आणि आम्हीही विचारलें नाहीं. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्ज करण्याची बुद्धि आमच्यांतील एकासही झाली नाहीं. आप्पा एक रविवार आले. "मी आतां सदस्य नाहीं. मला आंत कोणी कागद दाखवीत नाहीं. कागद पाहिल्यावांचून सांगणें म्हणजे गप्पा," असें म्हणून वही मिटून गेले. निंबाखालीं मग मोबाइलवरील निरोप वाचले जाऊं लागले. उद्यां पाणी येणार; उद्यां येणार नाहीं; धरण फुटलें. एके रात्रीं तर या निरोपांपायीं अर्धी गल्ली पहांटेपर्यंत हंडे घेऊन जागी होती. मोटारी पुन्हां किती झाल्या तें मोजणारा कोणी नव्हता. माझी माळ्यावरून खालीं उतरली नाहीं, एवढें मी सांगूं शकतों. परंतु दोनदां शिडीपर्यंत गेलों होतों.

२०२६ च्या जानेवारींत निवडणुका झाल्या. आप्पा उभे राहिले नाहींत. प्रकृति साथ देत नव्हती. निकालानंतर आठ-दहा दिवसांनीं त्यांनीं मला दुकानावर बोलावलें आणि लाल चोपडी पुढें ठेवली. "नव्या सदस्यांना नेऊन द्या, सर. मी दिली तर त्यांना टोमणा वाटेल. तुम्ही मास्तर माणूस, तुमच्या हातून घेतील."

घरीं येऊन मीं ती उघडली. पानापानावर तारखा, आंकडे, आणि समासांत "झालें" किंवा "झालें नाहीं". २०१९ च्या उन्हाळ्याशीं आलों तेव्हां नऊ ओळींचें तें पान सांपडलें. चौथ्या ओळींत "सर" इतकेंच लिहिलें होतें, आणि समोर निराळ्या शाईनें तारीख व "काढली" हा शब्द. रात्रीं काढलेली मोटार त्यांस कशी कळली, देव जाणे. एवढीं वर्षें ते मला दररोज दुकानावरून "नमस्कार, सर" म्हणत होते. तीन ओळींपुढें कांहीं लिहिलेलें नव्हतें.

तें पान काढून ठेवावें असें क्षणभर मनांत आलें. काढलें नाहीं, त्या तीन ओळींवर मात्र कागदाची पट्टी चिकटविली, कारण आप्पांनीं तीं नांवें कधीं वाचलीं नव्हतीं. माझी ओळ तशीच ठेविली. वही नव्या सदस्यांकडे पोंचती केली. त्यांनीं ती बराच वेळ चाळली, आणि पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं येतों असें म्हणाल्या आहेत. शेवटच्या घरच्या बाईंस आतां उभ्यानें बसवत नाहीं, म्हणजे उभेंही राहवत नाहीं आणि खालींही बसवत नाहीं; त्यांच्यासाठीं शाळेंतील एक बांक न्यावयाचें मुख्याध्यापकांस विचारून ठेवलें आहे. सहावीच्या त्या मुलासही मीं यावयास सांगितलें आहे.